नोकरीतला इंजिनिअर कन्सल्टंट होतो म्हणजे नेमकं काय होतं?

रबाळे स्टेशनबाहेर सकाळी आठच्या चहाला उभं राहिलं की गेली काही वर्षं एक वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. "सर, पन्नाशी आली. आता नोकरी सोडून कन्सल्टिंग करीन म्हणतो." बोलणारा कधी बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये घासलेला असतो, कधी प्रोजेक्टचा, कधी ऐरोलीच्या आयटी पार्कातला. मी त्याला उलट विचारतो, "कंपनीत काय अडलं की लोक तुम्हालाच फोन लावतात?"

बहुतेकांना पटकन उत्तर सुचत नाही. ते हुद्दा सांगतात, किती वर्षं झाली ते सांगतात, हाताखाली किती माणसं होती ते सांगतात. पण गिऱ्हाईक यातलं काहीच विकत घेत नाही. त्याच्यापुढे एक अडचण असते आणि तिची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी असते. अनुभवामुळे ती जबाबदारी पेलता येते, एवढाच अनुभवाचा उपयोग. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत चोवीस वर्षं काढली आणि आता प्रोसेस सेफ्टीची, म्हणजे उत्पादनाच्या प्रक्रियेतले धोके तपासण्याची, कामं स्वतंत्रपणे घेतो. हा फरक कळायला माझं पहिलं अख्खं वर्ष गेलं.

सर विश्वेश्वरय्यांचं उदाहरण इथे अगदी चपखल बसतं. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. १९०८ साली त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला आणि निजाम सरकारने त्यांना सल्लागार इंजिनिअर म्हणून बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न नेमका होता: हे शहर पुन्हा असं बुडू नये म्हणून काय करायचं? त्यांचं उत्तरही तितकंच नेमकं होतं. वरच्या अंगाला जलाशय बांधून पुराचं पाणी अडवायचं. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातूनच उभे राहिले. पंचविशीच्या आसपास पोचलेली त्यांची सरकारी नोकरी तिथे पाठीशी होती, पण त्यांना बोलावलं गेलं ते पुरासाठी.

एका शब्दामागे चार वेगळे धंदे

'कन्सल्टिंग' म्हणताना आपण चार निरनिराळ्या कामांना एकच नाव देतो. त्यांचे पैसे वेगळे, धोके वेगळे, त्यांना लागणारी माणसंही वेगळी.

पहिलं काम सहीचं. कायद्याला किंवा बँकेला एखाद्या पात्र, त्रयस्थ माणसाचं प्रमाणपत्र हवं असतं आणि ते तुम्ही देता. दुसरं निदानाचं. काहीतरी बिघडलंय, कारण सापडत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं जातं. तिसरं काम मोठ्या कन्सल्टन्सी किंवा ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि उभारणी करून देणाऱ्या) कंपनीतल्या नोकरीचं. व्हिजिटिंग कार्डावर 'कन्सल्टंट' असतं, पण महिन्याला पगार असतो. चौथं काम उसन्या हातांचं. एखादी कंपनी तुम्हाला सहा-आठ महिने साइटवर बसवते आणि दिवसाच्या हिशेबाने पैसे देते.

चौथ्या प्रकाराबद्दल आधीच स्पष्ट बोलतो, कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. निवृत्तीनंतर जुन्याच कंपनीत 'रिटेनर' म्हणून येणारे बरेच जण असतात. टेबल तेच, लॉगिन तेच, साहेब तोच. फक्त पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम गेलेला. यात गैर काही नाही. एका वर्षाचा पूल म्हणून तो चांगला आहे. पण दोन वर्षांनंतरही सगळे पैसे त्याच एका ठिकाणाहून येत असतील, तर तुम्ही धंदा उभा केलेला नाही. नोकरीच चालू आहे, तिच्यातले हक्क तेवढे कमी झालेत.

तिसऱ्या प्रकारात फार सांगण्यासारखं नाही. ज्यांना माणसं सांभाळायला आवडतं आणि गिऱ्हाईक शोधत हिंडायला आवडत नाही, त्यांच्यासाठी तो उत्तम. प्रोजेक्टला कर्ज देणाऱ्या बँका स्वतःच्या वतीने स्वतंत्र इंजिनिअर नेमतात. मालकाच्या बाजूने ठेकेदाराचं काम तपासणारी माणसंही लागतात. या दोन्ही कामांसाठी कंपन्यांना केस पिकलेले इंजिनिअर हवेच असतात.

खरं वळण आहे ते पहिल्या दोन प्रकारांत.

सहीचं काम

आपल्या पट्ट्यात सहीच्या कामाला तोटा नाही, आणि त्याला कारण आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. पुढे टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूरचा पट्टा वाढला, मग तळोजा. रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग असं सगळंच इथे दाटीवाटीने आहे, आणि आता त्याच्या कुंपणाला लागून घरंही आहेत. १९८४ ला भोपाळ घडलं. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं आणि १९८९ मध्ये घातक रसायनांबाबतचे नियम आले. त्या नियमांत एक वाक्य आहे, ज्यावर आज कित्येक सल्लागारांची चूल पेटते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्या कारखान्याने सुरक्षा तपासणी करून घ्यायची, आणि ती त्या कामाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून. कारखान्यातला माणूस कितीही हुशार असला तरी तिथे चालत नाही.

या कामाचा गाभा काय असतो ते हॅझॉप या धोके शोधायच्या पद्धतीवरून सांगतो, कारण मी तेच करतो. ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत आकाराला आली. एका खोलीत पाच-सात माणसं बसतात: प्रॉडक्शन, मेंटेनन्स, इन्स्ट्रुमेंट, डिझाइन, सेफ्टी. समोर प्लँटचा पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंटचा नकाशा. मी तो तुकड्यातुकड्याने घेतो आणि प्रत्येक तुकड्याला ठरलेले प्रश्न विचारतो. इथे प्रवाह थांबला तर? जास्त झाला तर? उलटा वाहिला तर? तापमान वाढलं तर? दुसरंच काही आत आलं तर? मग प्रत्येक प्रश्नाला: कशामुळे होईल, पुढे काय होईल, ते रोखायला आज काय आहे, आणि ते पुरेसं आहे का?

हे वाचायला सोपं वाटतं. खोलीत बसल्यावर कळतं की मुख्य काम ऐकण्याचं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे कंटाळलेले असताना, कोपऱ्यातला ऑपरेटर हळूच म्हणतो, "साहेब, तो व्हॉल्व्ह आम्ही रात्रपाळीला बायपासवरच ठेवतो." त्या एका वाक्यासाठी सगळी बैठक असते. नकाशावर दिसणारी सगळी सुरक्षा त्या बायपासने फुकट घालवलेली असते. नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला असं वाक्य पकडता येतं, कारण त्याने स्वतः कधीतरी रात्रपाळीला तो बायपास उघडलेला असतो. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झालेले स्फोट या भागातल्या कुणाच्याच स्मरणातून गेलेले नाहीत. रिपोर्टवर सही करताना ते माझ्या डोक्यात असतात.

सहीच्या कामाला परवाना किंवा मान्यता लागते आणि ती मिळवायला वेळ लागतो, म्हणून नोकरीत असतानाच त्याची तयारी करावी. कुठल्या इंजिनिअरला काय जमेल?

यांत्रिकी किंवा मेंटेनन्सवाल्यांसाठी कारखान्यांच्या सुरक्षा नियमांतला 'कॉम्पिटंट पर्सन' हा रस्ता आहे. प्रेशर व्हेसल, लिफ्ट, क्रेन, चेन-पुली यांची ठरावीक काळाने तपासणी करून प्रमाणपत्र देणारा हा माणूस. मान्यता राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून मिळते. विजेचा आणि वाफेचा खर्च ज्यांना पाठ असतो त्यांनी ऊर्जा लेखापरीक्षक व्हावं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी ही परीक्षा घेते, चार पेपर असतात. या परीक्षेबद्दल मला विशेष आस्था आहे. अभ्यास करता करताच माणूस स्वतःच्या प्लँटकडे नव्याने पाहायला लागतो.

यंत्रांची किंमत ठरवायची हातोटी असेल तर प्लँट आणि मशिनरीचे नोंदणीकृत मूल्यांकनकार होता येतं. २०१७ च्या नियमांनुसार इंजिनिअरिंगची पदवी आणि पदवीनंतरचा ५ वर्षांचा अनुभव लागतो, ५० तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो, मग दिवाळखोरी मंडळाची, म्हणजे आयबीबीआयची परीक्षा. आगीत किंवा पुरात कारखान्याचं नुकसान झालं की विमा कंपनी सर्व्हेयर पाठवते. तोही इंजिनिअर असू शकतो, त्याला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा परवाना लागतो. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी कारखान्यात काढलाय त्यांना या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

न्हावा-शेवा बंदर जवळ असल्याने आपल्याकडे आणखी एक काम सतत असतं. जुनी यंत्रं आयात करताना त्यांचं वय, अवस्था आणि किंमत यांबद्दल चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. निर्यातीच्या बदल्यात शुल्क-सवलतीने आणलेलं यंत्र खरोखर बसवलंय का, यासाठीही लागतं. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, १९२० साली स्थापन झालेली संस्था, आपल्या सभासदांना ही उपाधी देते.

स्थापत्यवाल्यांचं तर ठाणे आणि नवी मुंबई हे घरच. महापालिका कायद्याप्रमाणे इमारतीला ३० वर्षं झाली की संरचनेच्या स्थिरतेचं प्रमाणपत्र लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीला ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. सिडको १९७० ची. वाशीतल्या जुन्या इमारती आणि नौपाड्यातल्या चाळवजा सोसायट्या मनात आणा, म्हणजे काम किती आहे ते कळेल. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, सळ्यांचा गंज आणि काँक्रीटचं कार्बोनेशन तपासणं हे तंत्र शिकता येतं. पण पुनर्विकासाच्या बैठकीत निम्मे सभासद "इमारत धोकादायक आहे असं लिहून द्या" म्हणतात आणि निम्मे "नाही असं लिहा" म्हणतात, तेव्हा मोजमापावर ठाम राहायला तंत्राहून जास्त काही लागतं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनीच या वाटेला यावं असं मला मनापासून वाटतं. बिल्डरकडे काम केलेल्यांसाठी महारेराचं काम आहे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट आणि सीएच्या जोडीला इंजिनिअरचंही प्रमाणपत्र लागतं.

निदानाचं काम

इथे परवाना लागत नाही. लागतो तो नावलौकिक. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदाराकडे 'स्टडी' करून घ्यायला पैसे नसतात, पण दर पावसाळ्यात बंद पडणारा ड्रायर किंवा दर चौथी बॅच नापास होण्याची डोकेदुखी असते. माझं पहिलं स्वतंत्र काम असंच होतं. नोकरीत असताना ज्याच्याकडून आम्ही पंप घ्यायचो त्याचा फोन आला: "आमच्या एका गिऱ्हाइकाचा सील महिन्यातून दोनदा जातोय, तो मला दोष देतोय, तुम्ही बघाल का?" दीड दिवसात दिसलं की टाकीची पातळी खाली गेली की पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. पंप, सील, दोन्ही निर्दोष. टाकीवर एक लेव्हल स्विच बसवला आणि प्रकरण मिटलं.

या कामात एक गोष्ट जपावी लागते. एकदा का सल्लागार अमुक कंपनीचाच व्हॉल्व्ह घ्या म्हणायला लागला आणि त्या कंपनीकडून त्याला मागच्या दाराने टक्केवारी मिळायला लागली, की त्याचा सल्ला सल्ला राहत नाही. असे देकार येतात, गोड बोलून येतात, दिवाळीच्या मिठाईबरोबर येतात. पहिल्याच वेळी नाही म्हणावं. आपण विकतो तो त्रयस्थपणा, आणि तो एकदा गेला की परत विकत आणता येत नाही.

काम मिळतं कुठून? जाहिरातीतून जवळजवळ नाहीच. जुने व्हेंडर, दुसरीकडे गेलेले सहकारी, आणि औद्योगिक संघटना. रबाळ्याची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, वागळे इस्टेटमधली ठाणे लघुउद्योग संघटना, तळोज्याची उत्पादकांची संघटना. तिथे जाऊन स्वतःची ओळख करून देण्यापेक्षा एखाद्या नेमक्या विषयावर तासभर बोलावं. 'पावसाळ्यात सॉल्व्हंट टाक्यांची काळजी' असा विषय घेऊन उभे राहिलात तर चाळीसातले तीन मालक नंतर बाजूला घेऊन बोलतात.

सॉफ्टवेअरवाल्यांची वाट थोडी निराळी आहे. त्यांचं गिऱ्हाईक परदेशात असू शकतं. तेव्हा सेवा निर्यात समजली जाते, एलयूटी, म्हणजे हमीपत्र, देऊन जीएसटी न लावता बिल करता येतं, आणि बँकेकडून परकी चलन आल्याचा दाखला जपून ठेवावा लागतो. बाकी हिशेब सगळ्यांना सारखाच.

दिवसाचा दर

आता पैशाचं. मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण हुशार इंजिनिअर नेमके इथेच फसतात.

समजा, नोकरीत वर्षाला ३० लाख मिळत होते. माणूस म्हणतो, ३०० दिवसांनी भागू, दिवसाला १०,००० घेऊ. आता नीट मोजा. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा करा. सण, आजारपण, लग्नकार्यं, गावची जत्रा धरून ४० जातात. उरले साधारण २२०. त्यातले निम्मे गिऱ्हाईक शोधण्यात, कोटेशन बनवण्यात, पैशांचा पाठपुरावा करण्यात, वाचनात आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये जातात. म्हणजे बिल लावता येतील असे दिवस ११०. खर्चाच्या बाजूला आरोग्य विमा, व्यावसायिक दायित्वाचा विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीए, प्रवास मिळून वर्षाला ५ लाख धरा. आता ३५ लाखांना ११० ने भागा. दिवसाचा दर निघतो ३१,८०० च्या आसपास. १०,००० चा दर लावणारा माणूस वर्षाअखेरीला ११ लाख कमावतो, त्यातून ५ लाख खर्च देतो आणि बायकोला सांगतो की धंद्यात काही राम नाही.

३१,८०० ऐकून गिऱ्हाईक दचकेल. म्हणून दिवसाचा दर स्वतःपाशी ठेवावा आणि गिऱ्हाइकाला कामाचा दर सांगावा. बंद पडलेल्या लाइनने त्याचं दिवसाला किती नुकसान होतंय हे त्याला ठाऊक असतं.

मग बिल. १ लाखाची फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. गिऱ्हाईक फीवर टीडीएस कापतं. व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के, म्हणजे १०,०००. तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के. हातात आले १,०८,०००. त्यातले १८,००० तुमचे नाहीतच, ते सरकारचे. कापलेले १०,००० आयकर विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. म्हणजे खर्चायला खरे ९०,०००. खात्यात आलेला आकडा पाहून गाडीचा हप्ता ठरवणाऱ्यांची पुढच्या महिन्यात त्रेधा उडते. आणि लक्षात घ्या, बिल काढलं की गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नसले तरी त्या बिलावरचा जीएसटी मुदतीत भरावाच लागतो. म्हणून काम चालू असताना आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल पाठवतात. मात्र काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पक्कं बिल काढावं लागतं, त्याहून लांबवता येत नाही.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आयकरात अनुभवी इंजिनिअरला एक मोठी सोय आहे. जुन्या कायद्यात ती ४४एडीए कलमाने ओळखली जायची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे सीएशी बोलताना गोंधळू नका. सोय अशी: वर्षाच्या पावत्या ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असतील, तर निम्मी रक्कम नफा धरून त्यावर कर भरता येतो. सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत, आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरला तरी चालतो. ही सोय व्यक्तीला आणि साध्या भागीदारीला आहे, एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) नाही. मित्राच्या आग्रहाखातर पहिल्याच महिन्यात एलएलपी काढणारे ही सवलत घालवून बसतात. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर तेवढा विसरू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे आणि ती केलीच पाहिजे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदत ठळक लिहितो. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचेच फोन येतात.

कागदावर काय असावं

माझ्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्याचं हॅझॉप मी ठोक रकमेत घेतलं. बारा दिवसांचं काम. पहिल्या दिवशी कळलं की त्यांच्याकडचे नकाशे आठ वर्षं जुने आहेत, मधल्या काळात दोन रिॲक्टर आणि एक स्क्रबर वाढलेत. नकाशे बरोबर करण्यात नऊ दिवस गेले आणि त्यांचे पैसे मला मिळाले नाहीत, कारण पत्रात त्याबद्दल अक्षरही नव्हतं. चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्या देकारपत्रात काम काय आहे त्याहून काय नाही हे जास्त असतं. कोणती माहिती गिऱ्हाईक देणार आणि ती अद्ययावत असण्याची जबाबदारी कुणाची. किती भेटी. मसुद्यात किती वेळा फेरफार. अर्धे पैसे सुरुवातीला. आणि एक वाक्य कायम: माझी आर्थिक जबाबदारी फार तर मिळालेल्या फीइतकी राहील. मोठी कंपनी हे वाक्य काढायला सांगते, तेव्हा दायित्वाचा विमा किती रकमेचा आहे ते पाहून मी ठरवतो.

जुन्या कंपनीशी असलेल्या करारालाही उगाच घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये अशी अट सर्वसाधारणपणे लागू करता येत नाही. गुपितं जपायची अट मात्र पूर्ण लागू असते. शेवटच्या आठवड्यात पेनड्राइव्हवर नकाशे उतरवून घेण्याचा मोह होतो. एकही फाइल घेऊ नये. डोक्यात आहे ते पुरेसं असतं.

राजीनाम्याआधी

घरात बसून बोलावं. सहा महिने काहीच आलं नाही तर घर कसं चालेल, याचा आकडा दोघांनी मिळून काढावा. आमच्याकडे तो आकडा काढल्यावर हिने विचारलं, "अहो, आणि आईंच्या औषधांचं?" ते माझ्या यादीत नव्हतंच.

आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःचा घ्यावा, किंवा कंपनीची गटविमा पॉलिसी वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, आणि पन्नाशीत रक्तदाब किंवा साखर बहुतेकांना असतेच. ही ३ वर्षं पगार चालू असताना सरलेली बरी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

आणि अनुभवाची पत्रं. 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत आमच्याकडे होते' असलं दोन ओळींचं पत्र नको. कोणत्या प्लँटवर, कोणती यंत्रं, किती क्षमतेची, नेमकं काय काम, असं लेटरहेडवर. मूल्यांकनकार, कॉम्पिटंट पर्सन, सर्व्हेयर, यांपैकी कशासाठीही अर्ज केला तरी अनुभवाचा पुरावा मागतात. मी अर्ज केला तेव्हा माझी पहिली कंपनी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. महाप्यातल्या त्या प्लॉटवर आता गोदाम आहे. सात वर्षांचा अनुभव सिद्ध करायला मी जुना पीएफ पासबुक, माळ्यावरच्या ट्रंकेतल्या पगाराच्या पावत्या आणि तेव्हाच्या शिफ्ट इन-चार्जचं प्रतिज्ञापत्र गोळा केलं. ते बदलापूरला राहतात, वय ७६. मला पाहिल्यावर आधी जेवायला बसवलं, मग सही केली.